नवं लायसन्स, पहिली बाईक: शोरूमचा विमा, अ‍ॅपचा विमा आणि खरा खर्च

बाईकच्या विम्याचा हप्ता ठरताना चालवणाऱ्याचं वय किती आणि लायसन्स किती जुनं, याला आपल्याकडे जवळजवळ काही महत्त्व नाही. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या हानीच्या विम्याचा दर केंद्र सरकार ठरवतं आणि पेट्रोलच्या गाडीला तो फक्त इंजिनच्या सीसीवर लागतो. ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता गाडीची किंमत, तिचं वय, सीसी आणि पासिंग कुठलं यांवर निघतो. अठरा वर्षांची मुलगी आणि पन्नाशीचे तिचे वडील यांनी एकाच दिवशी एकच मॉडेल घेतलं तरी आकडा साधारण तोच येईल. इंग्लंड-अमेरिकेत नवशिक्या तरुणाला विम्याचा मोठा भुर्दंड पडतो हे खरं. तिथल्या नातेवाइकांकडून ऐकलेल्या गोष्टींमुळेच बहुधा ‘गाडी बाबांच्या नावावर घे, विमा स्वस्त पडतो’ हा सल्ला इथे फिरतो. तो चुकीचा तर आहेच, शिवाय महागात जाणारा आहे. त्याबद्दल खाली सविस्तर.

नव्या स्वाराचे पैसे वाया जातात ते गाडी निवडताना सीसीच्या गटाकडे न पाहिल्यामुळे, शोरूमने भरलेला फॉर्म न वाचल्यामुळे आणि ‘अ‍ॅड-ऑन’ नावाच्या जोडण्या कशाला असतात हे न कळता त्यांवर टिक केल्यामुळे. गंमत अशी की जिथे तीन-चारशे रुपये खरोखर घालायला हवेत, तिथेच बहुतेक जण हात आखडता घेतात.

१५० सीसीची रेघ

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या तक्त्यात पाच वर्षांचा दर असा आहे: ७५ सीसीपर्यंत २,९०१ रुपये, ७५ ते १५० सीसी ३,८५१, १५० ते ३५० सीसी ७,३६५ आणि ३५० च्या वर १५,११७. यावर १८ टक्के जीएसटी. हा आकडा सगळ्या कंपन्यांत सारखाच असतो. त्यामुळे ‘आमच्याकडे थर्ड पार्टी स्वस्त’ असं कोणी म्हणालं तर पुढचं ऐकायची गरज नाही.

आता हा तक्ता हातात धरून शोरूममध्ये जा. यामाहाची एफझी १४९ सीसीची, आर१५ आणि एमटी-१५ मात्र १५५ सीसीच्या. नुसत्या त्या सहा सीसींमुळे पाच वर्षांचा थर्ड पार्टी हप्ता जीएसटीसह साधारण ४,५४४ वरून ८,६९१ वर जातो. पल्सर १५० खालच्या गटात, अपाचे आरटीआर १६० वरच्या. गंमत पुढे आहे: रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० आणि हंटर ३५० दोन्ही ३४९ सीसीच्या असल्यामुळे त्या आर१५ च्याच गटात बसतात, तेवढाच हप्ता. आणि ३९८ सीसीच्या ड्यूक ३९० किंवा स्पीड ४०० ला हाच खर्च जीएसटी धरून १७,८०० च्या पुढे. ज्यांची पहिली गाडी १५० आणि १६० यांच्यात घुटमळते आहे, त्यांनी हा फरक ऑन रोड किमतीत मिसळून जाऊ देऊ नये, वेगळा काढून पाहावा.

इलेक्ट्रिक गाडीला गट किलोवॅटवर ठरतो: ३ किलोवॅटपर्यंत पाच वर्षांचे २,४६६ आणि ३ ते ७ किलोवॅटला ३,२७३. पेट्रोलपेक्षा सुमारे पंधरा टक्के कमी.

ओन डॅमेजचा आकडा येतो कुठून

इथे कंपन्यांना मोकळीक आहे आणि इथेच तुलना करण्यात अर्थ आहे. कंपन्या अजूनही जुन्या टॅरिफचा, म्हणजे पूर्वीच्या बांधील दरपत्रकाचा दर पायाला धरतात आणि त्यावर सूट देतात. पाच वर्षांच्या आतली, १५० सीसीपर्यंतची गाडी मुंबई-पुण्यात पास झाली असेल तर हा पायाभूत दर आयडीव्हीच्या (गाडीच्या विम्यासाठी धरलेल्या किमतीच्या) १.७०८ टक्के, सातारा, नांदेड, पणजी वगैरे महाराष्ट्र-गोव्यातल्या उरलेल्या सगळ्या ठिकाणी १.६७६. लाखाच्या गाडीवर हा फरक ३२ रुपयांचा. तेव्हा विम्यासाठी गावाकडच्या पत्त्यावर पासिंग करण्याचा खटाटोप निरर्थक आहे.

आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा भंगारात निघाली तर कंपनी जास्तीत जास्त किती देईल तो आकडा. नव्या गाडीला एक्स-शोरूम किमतीतून ५ टक्के घसारा वजा होतो, सहा महिन्यांनंतर १५, वर्षानंतर २०, दोन वर्षांनंतर ३०, तीन वर्षांनंतर ४० आणि चार वर्षांनंतर ५०. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरतात.

एक हिशेब मांडून पाहू. १२५ सीसीची गाडी, एक्स-शोरूम ९०,००० रुपये. आयडीव्ही ८५,५००. पायाभूत ओन डॅमेज १,४६० रुपये. कंपनीने ६० टक्के सूट दिली तर ५८४. पाच वर्षांचं थर्ड पार्टी ३,८५१. मालकाचा १५ लाखांचा अपघात विमा एका वर्षाचा, समजा ३५०. बेरीज ४,७८५, जीएसटी ८६१, एकूण ५,६४६ रुपये.

हीच गाडी, हाच दिवस, फक्त ओन डॅमेजवर सूट शून्य, अपघात विमा एकदम पाच वर्षांचा, झिरो डेप, इंजिन प्रोटेक्ट, रिटर्न टू इनव्हॉइस, कन्झ्युमेबल्स, रोडसाइड असिस्टन्स या सगळ्यांवर टिक, असं झालं की बिल नऊ हजारांच्या घरात जातं. त्यातली एकही गोष्ट बेकायदा नाही. फक्त कोणी विचारलेलं नसतं.

आयडीव्ही खाली ओढून हप्ता कमी करायची सोय अ‍ॅपमध्ये असते. वरच्याच उदाहरणात आयडीव्ही दहा हजारांनी कमी केली तर वर्षाला वाचतात जेमतेम ६८ रुपये आणि त्यावरचा जीएसटी. गाडी चोरीला गेली तर जातात दहा हजार. त्या पट्टीला हात लावू नका. ‘व्हॉलंटरी डिडक्टिबल’चंही तसंच. प्रत्येक क्लेममध्ये पहिले ३,००० रुपये मी भरीन असं लिहून दिलं तर जुन्या टॅरिफप्रमाणे सूट २५ टक्के, पण कमाल २५० रुपये. नवशिक्याची गाडी पहिल्या वर्षात एकदा तरी आडवी होतेच. सौदा तोट्याचा. थर्ड पार्टीच्या मालमत्तेची मर्यादा एक लाखावरून सहा हजारांवर आणली तर ५० रुपये सूट, असाही एक रकाना कुठेकुठे असतो. आजच्या कारचा नुसता बंपर आणि दिवा त्या सहा हजारांत येत नाही.

कोणाकडून घ्यावा

शोरूमचा विमा सोयीचा आहे यात वाद नाही. पॉलिसी, पासिंग, नंबर प्लेट सगळं एका टेबलावर होतं. क्लेमच्या वेळी त्याच वर्कशॉपमध्ये कॅशलेस मिळतं आणि तिथला इन्शुरन्स डेस्क कागद स्वतः अपलोड करतो. नुकसान तपासणारा सर्व्हेअर वर्कशॉपच्या ओळखीचा असतो, त्यामुळे काम भराभर हलतं. या सेवेला किंमत आहे, पण पहिल्या कोटेशनमध्ये लावलेली असते तेवढी नाही. शोरूमला विम्यावर वेगळं उत्पन्न मिळतं आणि ते आयआरडीएआय या विमा नियामकाच्या २०१७ च्या नियमांनुसार रीतसर आहे. मात्र त्याच नियमांनुसार आमच्याकडूनच विमा घ्या अशी सक्ती करता येत नाही. ‘बाहेरच्या पॉलिसीवर पासिंग होत नाही’ हे धादांत खोटं. आरटीओला वैध पॉलिसी लागते, ती कोणी विकली हे तिथे कोणी विचारत नाही.

बाहेरून घ्यायचा असेल तर क्रम नीट लक्षात ठेवावा, कारण गाडं अडतं ते इथेच. पॉलिसीला चॅसी नंबर आणि इंजिन नंबर लागतात, आणि ते शोरूम गाडी ‘अलॉट’ झाल्यावरच देतं. बुकिंगच्या दिवशीच लेखी किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर सांगून ठेवा की विमा बाहेरून येणार आहे आणि चॅसी नंबर हवा आहे. सोबत एक्स-शोरूम किंमत, आरटीओचा कोड (एमएच-१२, एमएच-०९, जीए-०७ वगैरे) आणि कर्ज असेल तर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं पूर्ण नाव घ्या. हायपोथिकेशनचं, म्हणजे कर्ज देणाऱ्याचं नाव पॉलिसीत राहून गेलं तर पासिंग थांबतं. चॅसी नंबर सतरा अक्षरांचा असतो. त्यात ओ हे अक्षर नसतं, गोल दिसतं तो शून्यच. एक अक्षर चुकलं तर दुरुस्तीची एन्डॉर्समेंट करून घ्यावी लागते आणि डिलिव्हरी दोन-तीन दिवस लांबते. नव्या गाडीची पॉलिसी सगळ्याच कंपन्या ऑनलाइन विकत नाहीत, हेही आधी तपासा.

खरं सांगायचं तर पहिल्या वर्षासाठी सर्वांत कमी कटकटीची वाट मधली आहे. बाहेरचं कोटेशन मोबाइलवर काढा, आयडीव्ही शोरूमच्या कोटेशनइतकीच ठेवा आणि इन्शुरन्स डेस्कवर ते दाखवा. बहुतेक ठिकाणी ओन डॅमेजवरची सूट लगेच ‘सापडते’ आणि नको असलेल्या जोडण्या निघतात. दोनेकशे रुपयांचा फरक उरला तर शोरूमचाच घ्यावा. हजाराच्या वर उरला तर बाहेरचा.

कंपन्यांच्या स्वतःच्या वेबसाइट आणि अ‍ॅप दुसऱ्या वर्षापासून सर्वांत उपयोगी. तेव्हा थर्ड पार्टीची चार वर्षं शिल्लक असतात आणि तुम्हाला फक्त ओन डॅमेज हवा असतो. तो वेगळा, कुठल्याही कंपनीकडून घेता येतो. १ सप्टेंबर २०१९ पासून ही सोय आहे. थर्ड पार्टी पॉलिसीचा नंबर, कंपनी आणि संपण्याची तारीख भरायची, पाच मिनिटांचं काम. तिथे सावध राहायचं ते आधीच टिक केलेल्या चौकोनांपासून आणि ‘मागच्या वर्षी क्लेम घेतला होता का’ या प्रश्नापासून. क्लेम घेऊन ‘नाही’ लिहिलं तर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दलची सूट मिळते, पण पुढच्या क्लेमच्या वेळी कंपनी जुन्या कंपनीकडे विचारणा करते आणि तिथे खोटं उघडं पडतं.

तुलना करणारी पोर्टल्स पाहायला चांगली, पण त्यावर सर्वांत वर दिसणारी स्वस्त पॉलिसी अनेकदा सर्वांत कमी आयडीव्हीची असते. सगळ्या ओळींत आयडीव्ही सारखी करून मगच आकडे वाचा. मोबाइल नंबर दिला की फोन सुरू होतात, हे गृहीत धरा.

एजंटाबद्दल तरुणांना उगाच आकस असतो. न्यू इंडिया, ओरिएंटल, नॅशनल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्यांची कार्यालयं आणि एजंट जिल्ह्याच्या गावापासून पार तालुक्यापर्यंत पसरलेले आहेत. जवळचं अधिकृत वर्कशॉप पन्नास-साठ किलोमीटरवर असेल तर अ‍ॅपमधल्या कॅशलेसचा उपयोग शून्य. तिथे फोन उचलणारा आणि सर्व्हेअरला गावापर्यंत आणणारा एजंट शंभर-दोनशे रुपये जास्त देऊनही परवडतो. पीयूसीच्या टपरीवर मिळणारी ‘पाच मिनिटांत पॉलिसी’ मात्र पैसे देण्याआधी नाही तर निदान दिल्यावर लगेच तपासा. क्यूआर कोड स्कॅन करा, पॉलिसीवरचा गाडी नंबर आणि वाहनाचा प्रकार वाचा, आणि काही दिवसांत सरकारच्या एम-परिवहन अ‍ॅपवर विम्याची तारीख बदलली का ते बघा.

कोणती जोडणी कोणाला

झिरो डेप, म्हणजे क्लेम देताना पार्टच्या किमतीतून घसारा न कापणारी जोडणी, ही दुचाकीच्या बाबतीत सर्वांत जास्त विकली जाते. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर, ट्यूब आणि बॅटरी यांच्या किमतीतले ५० टक्के तुमच्या खिशातून, फायबरचे ३० टक्के, काचेचे शून्य. धातूच्या भागांना पहिल्या सहा महिन्यांत घसारा नाही, वर्षापर्यंत ५ टक्के, मग १०, १५, २५ असा वाढत जातो. मजुरी पूर्ण मिळते. शिवाय दर क्लेमला १०० रुपये सक्तीचे वजा. म्हणजे गाडी डाव्या बाजूला पडली, फेअरिंग, इंडिकेटर, आरशाची दांडी मिळून सहा हजारांचं प्लास्टिक आणि फूटरेस्ट, लिव्हर असा दोन हजारांचा धातू गेला, तर नव्या गाडीला साध्या पॉलिसीतून पाच हजारांच्या आसपास मिळतील, झिरो डेपमधून जवळपास आठ. त्यामुळे पूर्ण फेअरिंगच्या स्पोर्ट्स गाडीला किंवा प्लास्टिकच्या अंगाच्या स्कूटरला पहिली दोन वर्षं झिरो डेप जरूर घ्यावं. स्प्लेंडरसारख्या गाडीला त्याची गरज नाही; तिचे पार्ट स्वस्त असतात आणि कोपऱ्यावरचा मेकॅनिक निम्म्याहून जास्त दुरुस्ती हातोड्याने करतो. वर्षात किती क्लेमना झिरो डेप लागू आहे, हे पॉलिसीत पाहून घ्या. अनेकदा दोनच.

रिटर्न टू इनव्हॉइस, म्हणजे गाडी गेलीच तर आयडीव्हीऐवजी बिलाची किंमत देणारी जोडणी, महागड्या आणि कर्जावरच्या गाडीला पहिली दोन-तीन वर्षं ठीक. इंजिन प्रोटेक्ट मुंबई, चिपळूण, सांगली, कोल्हापूर अशा पाणी भरणाऱ्या गावांत पार्किंग सखल असेल तर विचार करण्यासारखं. पुराचं नुकसान साध्या ओन डॅमेजमध्येही येतं, पण पाण्यात बुडालेली गाडी स्टार्टर मारून सुरू केली आणि इंजिनात पाणी जाऊन कनेक्टिंग रॉड वाकला, तर ते ‘परिणामी नुकसान’ म्हणून नाकारलं जातं. म्हणून जोडणी असो-नसो, बुडालेल्या गाडीला किक मारायची नाही. बॅटरीची तार काढून ढकलत किंवा टेम्पोत घालून न्यायची. कन्झ्युमेबल्स म्हणजे ऑइल, नट, बोल्ट. दुचाकीला ती रक्कम इतकी लहान असते की जोडणी सोडून द्यावी. रोडसाइड असिस्टन्स गाडीच्या कंपनीकडून आधीच मिळत असेल तर दोनदा घेऊ नका.

नो क्लेम बोनसचा बाऊ फार होतो. बोनस २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा चढतो, पण तो फक्त ओन डॅमेजवर. वरच्या १२५ सीसीच्या गाडीला पहिल्या वर्षाचा बोनस म्हणजे सव्वाशे रुपयांच्या आत. त्यासाठी तीन हजारांचा क्लेम न घेता खिशातून भरणं हा शुद्ध वेडेपणा. उलट चारशे सीसीच्या गाडीवर चार वर्षांचा बोनस जमला असेल तर दीड हजाराच्या क्लेमसाठी तो घालवू नये. बोनस मालकाचा असतो, गाडीचा नसतो. जुनी गाडी विकून नवी दुचाकी घेताना प्रमाणपत्र मागून तो पुढे नेता येतो. पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण झालं नाही तर मात्र तो बुडतो.

नाव कोणाचं, लायसन्स कोणतं

आता ‘बाबांच्या नावावर’ या सल्ल्याकडे. पॉलिसीतला १५ लाखांचा अपघात विमा, ज्याला सीपीए म्हणतात, तो फक्त नोंदणीकृत मालकाला मिळतो आणि त्याच्याकडे वैध लायसन्स असेल तरच. गाडी वडिलांच्या नावावर, चालवते मुलगी, आणि तिच्या चुकीने गाडी घसरून तिला गंभीर दुखापत झाली, तर सीपीएतून तिला काही नाही. थर्ड पार्टी म्हणूनही तिला मागता येत नाही, कारण मालकाची गाडी मागून घेऊन चालवणारा मालकाच्याच जागी उभा असतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये म्हटलं आहे. म्हणजे बाबांच्या नावाने हप्त्यात एक रुपयाही वाचला नाही आणि जी रोज चालवते तिचं संरक्षण गेलं.

तेव्हा अठरा पूर्ण असतील तर गाडी चालवणाऱ्याच्याच नावावर घ्या आणि सीपीए त्यातच घ्या. तो पाच वर्षांचा घ्यायची सक्ती नाही, एका वर्षाचा चालतो. १५ लाखांची किंवा त्याहून मोठी स्वतंत्र अपघात पॉलिसी आधीच असेल तर सीपीए वगळता येतो, फक्त तसं लिहून द्यावं लागतं. गाडी दुसऱ्याच्या नावावर असणं भाग असेल तर चालवणाऱ्याने स्वतःची वेगळी अपघात पॉलिसी काढावी. ‘सरल सुरक्षा बिमा’ हे सगळ्या कंपन्यांकडे सारख्याच अटींचं मिळणारं प्रमाणित उत्पादन आहे, अडीच लाखांपासून एक कोटीपर्यंत. आणि बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापणारी, दोन लाखांची प्रधानमंत्री सुरक्षा बिमा योजना चालू नसेल तर ती आजच चालू करा. तिने सीपीएची अट पूर्ण होत नाही, पण वीस रुपयांत त्याहून जास्त काय मिळणार.

मागे बसणाऱ्याचा प्रश्न याहून नाजूक. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर मागच्या सीटवर फुकट बसलेला मित्र त्यात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ आणि २००८ च्या निकालांपासून पक्कं आहे. भरपाई द्यायची वेळ आली तर ती मालकावर. पूर्ण, म्हणजे पॅकेज पॉलिसीत तो येतो, असं विमा नियामकाने २००९ मध्ये स्पष्ट केलं. कॉलेजला जाणाऱ्या मुलाच्या गाडीवर मागची सीट रिकामी क्वचितच असते. म्हणून ओन डॅमेज पहिल्या वर्षानंतर सोडून देऊन ‘पाच वर्षांचा विमा आहे ना’ म्हणत फिरणं ही नव्या स्वाराची सर्वांत महाग काटकसर. पॉलिसीवर दोन तारखा छापलेल्या असतात. ओन डॅमेजची एका वर्षाने संपते, ती मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका.

लायसन्सच्या बाबतीत पॉलिसीची अट एकच: अपघाताच्या क्षणी चालवणाऱ्याकडे त्या प्रकारच्या गाडीचं वैध लायसन्स हवं. लायसन्सवर फक्त विनागिअर असेल आणि अपघाताच्या वेळी हाताखाली गिअरची शाइन असेल, तर ओन डॅमेजचा क्लेम अडकतो. समोरच्या जखमीला कंपनी न्यायाधिकरणाच्या आदेशाने पैसे देते आणि मग ते मालकाकडून वसूल करते. दोन्ही चाचण्या देणं शक्य असेल तर गिअरचीच द्यावी. लर्निंग लायसन्सवर विमा चालतो, पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ३ च्या अटी पाळल्या असतील तरच: ‘एल’ची पाटी, सोबत शिकवणारा लायसन्सधारक, आणि त्याच्याखेरीज मागे कोणीही नाही. लर्निंगवर मैत्रिणीला घेऊन लोणावळा ही विमा नसलेलीच सहल समजा.

ज्यांना शिकता शिकता डिलिव्हरीचं काम करायचं आहे त्यांनी पॉलिसीतलं ‘वापराची मर्यादा’ हे कलम आधी वाचावं. खासगी दुचाकीच्या पॉलिसीत भाड्याने वापर, मालवाहतूक, शर्यत आणि वेगाची चाचणी यांना संरक्षण नाही. पाठीवर कंपनीची पेटी असताना झालेल्या अपघाताचा ओन डॅमेज क्लेम यावर नाकारला जाऊ शकतो. काम सुरू करण्याआधी कंपनीला लिहून विचारा आणि उत्तर लेखी घ्या. ज्यांच्यासाठी काम करता ते अपघात विमा देतात का, किती रकमेचा, हेही लेखीच.

क्लेम आणि जुनी गाडी

क्लेम बिघडतो तो बहुधा पहिल्या दोन तासांत. गाडी हलवण्याआधी जागेचे आणि नंबर प्लेट दिसेल असे फोटो काढा, मग कंपनीच्या अ‍ॅपवर किंवा टोल-फ्री नंबरवर त्याच दिवशी कळवा. सर्व्हे होण्याआधी मेकॅनिकने एकही पार्ट खोलता कामा नये; तुटलेले भाग फेकू नका, सर्व्हेअर ते बघतो. लहान क्लेमचा सर्व्हे हल्ली मोबाइलवर व्हिडिओनेही होतो. घटना जशी घडली तशीच लिहा. घसरून पडला असाल तर ‘कुत्रं आडवं आलं’ असं सजवू नका. नुकसानीच्या खुणा आणि जबाब जुळले नाहीत की तपासनीस येतो. कोणी जखमी असेल किंवा गाडी चोरीला गेली असेल तर पोलिसांत नोंद अनिवार्य. चोरीच्या क्लेममध्ये दोन्ही किल्ल्या मागतात. एक हरवली असेल तर ती हरवल्याची तक्रार आणि नवी बनवल्याची पावती जपून ठेवा, नाहीतर क्लेम महिनोन्‌महिने तिथेच रखडतो.

सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांसाठी एकच अट, पण तीच सर्वांत जास्त मोडली जाते. गाडी नावावर झाली की थर्ड पार्टी कायद्यानेच नव्या मालकाकडे येतं. ओन डॅमेज तसं आपोआप येत नाही. त्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज, बदललेल्या नोंदणीचे कागद, थोडं शुल्क आणि जुन्या मालकाने घेतलेल्या नो क्लेम बोनसचा फरक भरावा लागतो. हे न करता सहा महिन्यांनी क्लेम टाकला तर आरसी एकाच्या नावावर, पॉलिसी दुसऱ्याच्या, आणि पैसे कोणालाच नाहीत. ‘विमा चालू आहे’ म्हणून विकणाऱ्याने हजार-दोन हजार जास्त मागितले तर ओन डॅमेज खरंच शिल्लक आहे की नुसतं थर्ड पार्टी, ते एम-परिवहनच्या तारखेवरून कळत नाही. पॉलिसीचा कागदच बघा. पॉलिसी संपून गेलेली असेल तर नव्या ओन डॅमेजसाठी कंपनी गाडीची तपासणी मागते. तोवर निदान थर्ड पार्टी काढून मगच गाडी रस्त्यावर आणा. विना विमा पकडलं तर पहिल्या वेळी दंड २,००० रुपये आणि पुढच्या वेळी ४,०००, म्हणजे १२५ सीसीच्या गाडीच्या एका वर्षाच्या थर्ड पार्टीपेक्षा, जो ७१४ रुपये अधिक जीएसटी आहे, पहिलाच दंड दुपटीहून जास्त.

कंपनीने क्लेम नाकारला तर कारण आणि पॉलिसीतलं कलम लेखी मागा, आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे. महाराष्ट्रात त्याची कार्यालयं मुंबई आणि पुण्यात आहेत, तक्रारीला फी नाही आणि वकीलही लागत नाही. कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत तक्रार दाखल व्हायला हवी.